मनगटावरची बारीक रेघ

समुद्रातून आलेल्या प्रेताचा चेहरा पाहिला की नातेवाइकांच्या मनात पहिला शब्द येतो तो खून. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यात न्यायवैद्यकाचं काम करणाऱ्या डॉक्टरला हे नवं नाही. पण त्या दिवशी सिंधुदुर्गातल्या ओरोसला आणलेल्या तरुण खलाशाच्या बाबतीत संशयाला माणूसही तयार होता. हिश्श्यावरून त्याचं तांडेलाशी, म्हणजे नौकेच्या प्रमुखाशी, वाजलं होतं, बंदरावर चारचौघांनी ते ऐकलं होतं. पहाटे जाळी सोडताना तो नौकेवरून नाहीसा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी देवगडच्या बाजूला खडपात सापडला. ओठ नव्हते, पापण्या नव्हत्या, एका कानाची पाळी गेलेली, कपाळावर फाटलेली जखम.

शव पोचलं तेव्हा दिवस कलला होता. बाहेर टेम्पो भरभरून माणसं आली होती आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, आत्ताच्या आत्ता करा. 2021 पासून सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी आहे. मात्र खुनाचा संशय असेल तर, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न ओढवल्याशिवाय, रात्री करायचं नसतं. पोलीस म्हणाले, जमाव आम्ही सांभाळतो. मग मी थांबायचं ठरवलं. मुलाचा बाप पायरीवर बसला होता. त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"माजो झील पाण्यात बुडाचो नाय, बाय. त्याका मारल्यानी."

"बाबानू, सकाळी उजेडात बघतलंय. काय दिसला ता तुमका सांगतलंय."

सकाळी माझ्याबरोबर एक इंटर्न होती. तिला पंचनामा मोठ्याने वाचायला सांगितला. 'चेहऱ्यावर धारदार हत्याराचे वार' असं त्यात लिहिलेलं. तिथेच तिला थांबवलं. पंचांनी जखमा पाहिल्या होत्या, हत्यार कोणी पाहिलं नव्हतं. पंचनाम्यात पाहिलेलं कुठे संपतं आणि अंदाज कुठे सुरू होतो हे ओळखता येणं हा या कामातला पहिला धडा, आणि तो कुठल्याही पुस्तकाआधी शिकायला हवा.

ओठांच्या कडा भिंगाखाली पाहिल्या. कुरतडलेल्या, लहान लहान अर्धगोल चावे, आणि आतल्या मांसात रक्ताचा टिपूसही उतरलेला नाही. मेल्यानंतर मासे आणि कुर्ल्यांनी खाल्लेलं असं दिसतं. मऊ भाग आधी जातात. कपाळाची जखम वेगळी होती. पाण्याने कितीही धुतलं तरी आत मुरलेलं रक्त निघेना, म्हणजे ती लागली तेव्हा माणूस जिवंत होता. कडा फाटलेल्या, मधे मांसाचे धागे शाबूत. कोयत्याने असे धागे उरत नाहीत. कशावर तरी आपटल्याची किंवा बोथट वस्तू लागल्याची ती खूण. कवटी शाबूत, मेंदूत रक्तस्राव नाही.

आता यातला कठीण भाग. आपटला की मारलं, हे एकटी जखम सांगत नाही. बाहेर थांबलेल्या माणसांना नेमकं तेवढंच हवं होतं.

उजव्या मनगटावर इंटर्नचं लक्ष गेलं, माझ्याही आधी. पाण्याने पांढऱ्या पडलेल्या, सुरकुतलेल्या त्वचेवर एक बारीक रेघ, मनगटाभोवती जवळजवळ पूर्ण फिरलेली. घड्याळाचा वळ असेल म्हणून सोडून द्यावी इतकी फिकी. त्या रेघेवर छेद घेतला तर खाली गडद रक्त साकळलेलं. आणि रेघेच्या टोकाशी त्वचेत रुतलेला नखाएवढा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा. जाळ्याचा.

मग छाती उघडली. फुफ्फुसं फुगून हृदयावर आलेली, त्यांच्यावर बरगड्यांचे ठसे. श्वासनळीत बारीक चिवट फेस, आणि तिच्या खोलवरच्या फांद्यांत समुद्राची बारीक रेती. पाण्यात पडला तेव्हा त्याचा श्वास चालू होता. हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. हे पाहणं फार गरजेचं होतं, कारण हृदयविकाराने मेला असता तर नोंदणीकृत मच्छीमाराच्या अपघात विम्याचे 5 लाख रुपये घरच्यांना मिळाले नसते. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात, मद्यासाठी रक्त वेगळं, डायटम, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, शोधण्यासाठी मांडीचं हाड आणि सापडल्या जागेचं पाणी, असं सगळं सीलबंद करून पोलिसांच्या ताब्यात दिलं.

तंगूसही दिला. फौजदारांनी तो नौकेवरच्या जाळ्याशी ताडून पाहिला, खलाशांना वेगवेगळं बसवून विचारलं. धावत्या जाळ्यात हात अडकला, नौकेच्या काठावर कपाळ आपटलं आणि जाळ्याच्या भाराने तो खाली गेला, असं सगळ्यांच्या सांगण्यातून जुळत गेलं. माझ्या अहवालात मी एवढंच लिहिलं: बुडून मृत्यू, कपाळ आणि मनगटावरच्या जखमा मरणापूर्वीच्या, बाकीच्या मरणानंतरच्या. तांडेल दोषी की निर्दोष हे लिहिण्याचा मला अधिकार नाही. बापाला मात्र कबूल केल्याप्रमाणे जे दिसलं ते एकेक करून सांगितलं. पट्टीचा पोहणाराही जाळ्यात अडकला की बुडतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दुपारी इंटर्नने विचारलं, "मॅडम, यातच पडायचं तर काय करायचं?" अमेरिकेत घटनास्थळी जाणारा वेगळा मृत्यू-अन्वेषक असतो, हे तिने वाचलं होतं. आपल्याकडे तसं पद नाही. मुंबईत कॉरोनर होता, तोही 1999 मध्ये गेला. आता चौकशी पोलिसांची, पूर्वीच्या 174 कलमाखाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 194 खाली. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई गेली तर दंडाधिकारीही येतात. शवविच्छेदनाला डॉक्टरच लागतो. एमबीबीएस, मग नीट-पीजी, मग न्यायवैद्यकशास्त्रात तीन वर्षांची एमडी. प्रयोगशाळेत जायचं असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, तिथे डॉक्टर असावं लागत नाही. घटनास्थळच ओढत असेल तर एमपीएससीतून फौजदार व्हावं.

तिला हेही सांगितलं की खासगी प्रॅक्टिस नाही, कोर्टाचं समन्स बदली झाल्यावरही मागे येतं, आणि वास केसांत राहतो. आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल सांगितलं. लाल विंचू चावल्यावर कोकणात माणसं नेमकी कशाने मरतात, याचा छडा त्यांनी खेड्यातल्या रुग्णांच्या खाटेशी बसून लावला. हृदय निकामी होतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं हे त्यांनी पाहिलं, प्राझोसिन वापरलं आणि पुढचे लोक वाचले. मृत्यूचं कारण नीट शोधलं की असं होतं. म्हणून हुशार मुलांनी ही शाखा उरलीसुरली म्हणून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तिने नीट-पीजीचा अभ्यास सुरू केल्यावर तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, मुलीला मढी फाडायला लावू नका. हिचं लग्न कोण करील?" मी लग्नाचं काहीच बोलले नाही. मनगटावरची ती रेघ मला दिसायच्या आधी तुमच्या मुलीला दिसली, आणि त्या रेघेवरून एका घराला काय कळलं, ते त्यांना सविस्तर सांगितलं. पलीकडून बराच वेळ प्रश्न येत राहिले. रविवारी त्या मुलीला घेऊन ओरोसला येणार आहेत, उरलेलं समोर बसून विचारायला.