आमची वाटचाल: एका क्रेटमागचं डिझेल

रात्री नऊच्या आत नारायणगाव सोडलं तर पहाटे अडीच-तीनला गाडी वाशीच्या भाजी मार्केटात लागते. उशीर झाला की माल मागं पडतो, आणि मागं पडलेल्या टोमॅटोला कुणी विचारत नाही. २००९ साली पहिली गाडी घेतली तेव्हापासून आमचं वेळापत्रक हेच आहे. डिझेल मात्र एका भावावर कधी थांबलं नाही. त्यामुळे आमच्या ट्रान्सपोर्टची गोष्ट सांगायला बसलो की मी डिझेलवरच येतो.

वडिलांची तीन एकर बागायत. माल दुसऱ्याच्या टेम्पोत जायचा आणि काही दिवसांनी पट्टी यायची. पट्टी म्हणजे व्यापाऱ्याने लिहून दिलेला विक्रीचा हिशेब. वर विक्रीची रक्कम, खाली वजावट: भाडं, हमाली, तोलाई, वाराई म्हणजे गाडीत माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी. तेव्हा आडत, म्हणजे आडत्याचं कमिशनही, शेतकऱ्याकडूनच कापली जायची. पट्टी हातात आली की वडील वरचा आकडा नंतर बघायचे, आधी भाड्याच्या ओळीवर बोट ठेवायचे. ते बोट माझ्या डोक्यात राहिलं. पतसंस्थेचं कर्ज काढून जुना ४०७ टेम्पो घेतला तेव्हा मनात एवढंच होतं, की त्या ओळीत आपण प्रामाणिक आकडा लिहायचा.

गाडीवर ड्रायव्हर म्हणून आले ते मामा. नात्याने मामा नव्हेत, पण आळेफाट्यापासून मुरबाडपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. माळशेज घाट त्यांनी माझ्या जन्माआधीपासून चालवलेला. धंद्यातलं पहिलं गणित त्यांनीच शिकवलं. भरलेली गाडी लिटरला आठ किलोमीटर देते, येताना रिकाम्या क्रेटवर अकरा. जाऊन-येऊन ३३० किलोमीटर, म्हणजे एका ट्रिपला ३६ लिटर. गाडीत १०० क्रेट, एका क्रेटमध्ये वीस किलो माल. वहीच्या पहिल्या पानावर मी हे लिहून ठेवलं. त्या वर्षी डिझेल चाळीसच्या आत होतं.

भाडं ठरायचं वर्षातून एकदा, अक्षय तृतीयेच्या सुमाराला, उन्हाळी टोमॅटोचा हंगाम सुरू होताना. शेतकरी, ट्रान्सपोर्टवाले बसायचे, घासाघीस व्हायची आणि क्रेटला अमुक रुपये हा आकडा वर्षभर चालायचा. डिझेल वर्षातून एक-दोनदाच वाढायचं तोवर हे जमलं. जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला चाळीस-पन्नास पैसे वाढायला लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या भावावरचं नियंत्रण पूर्ण काढलं. आणि १६ जून २०१७ पासून तर देशभर भाव रोज सकाळी बदलायला लागला. भाडं वर्षाचं आणि डिझेल रोजचं! मधली फट कुणी भरायची, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मानेवर बसला.

स्वस्ताईचे दिवसही आले, नाही असं नाही. जून २०१४ मध्ये पिंपाला ११० डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल जानेवारी २०१६ मध्ये तीसच्या खाली उतरलं. पण त्याच काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं, डिझेलवर लिटरमागे १३ रुपये ४७ पैसे. पंपावर भाव उतरला, पण तेल उतरलं त्या मानाने फार कमी. रस्त्यांना, योजनांना पैसा लागतो हे मला कळतं. मी स्वतः त्याच रस्त्यांवर कमावतो. तरीही माझं मत ठाम आहे: तेल महागलं की भाव आमच्यावर, आणि तेल उतरलं की वाचलेलं सरकारकडे, हे न्यायाचं नाही.

२०२० साली तर कमाल झाली. लॉकडाऊनमध्ये भाजीची वाहतूक चालू होती. पास काचेला चिकटवून आमच्या गाड्या रिकाम्या रस्त्यांवरून जायच्या. जगात तेल मातीमोल झालं होतं. ६ मेपासून केंद्राने डिझेलवर लिटरला १३ रुपये कर वाढवला, १ जूनपासून राज्याने दोन रुपये उपकर वाढवला आणि ७ जूनपासून रोजची भाववाढ पुन्हा सुरू झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये डिझेलने शंभरी गाठली. आधी मुंबईत, मग आमच्याकडे. परभणीसारख्या डेपोपासून लांबच्या जिल्ह्यात पेट्रोल तर कितीतरी आधीच शंभरावर गेलं होतं. पंपावरचा पोरगा मीटरकडे बघून म्हणाला, "भाऊ, आता हजारात दहा लिटर पण नाही." मी काही बोललो नाही. ट्रिपचा हिशेब डोक्यात चालू होता: ३६ लिटर, छत्तीसशेच्या वर. भाडं मात्र अक्षय तृतीयेचंच.

पुढे जे घडलं ते माझ्या चुकीने घडलं.

त्या दिवाळीत, ४ नोव्हेंबर २०२१ पासून, केंद्राने डिझेलवरचा कर दहा रुपयांनी उतरवला. आमच्याकडे भाव त्र्याण्णवच्या आसपास आला आणि तिथेच थांबला. पाच राज्यांच्या निवडणुका होत्या, साडेचार महिने आकडा हलला नाही. मला वाटलं, आता स्थिर झालं. ड्रायव्हरना दर ट्रिपला डिझेलचे ठोक पैसे द्यायला सुरुवात केली: ३,३५० रुपये. वाचले तर तुमचे. पुष्कळ ट्रान्सपोर्टवाले असंच करतात, हिशेबाची कटकट राहत नाही.

२२ मार्च २०२२ ला भाव पुन्हा सुटला. रोज ऐंशी-ऐंशी पैसे करत ६ एप्रिलपर्यंत लिटरला दहा रुपये वाढले. ३,३५० रुपयांत आता साडेबत्तीस लिटर यायला लागलं. उरलेलं साडेतीन लिटर ड्रायव्हर आपल्या खिशातून भरत होते. ट्रिपचे नऊशे रुपये, त्यातले साडेतीनशे डिझेलला. मला कुणी बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही. मी भाडं वाढवून घेण्याच्या बैठकांत गुंतलो होतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री अकरा वाजता फोन आला. मामांची गाडी माळशेजच्या उतारावर डोंगराकडेच्या चारीत गेली होती. मी पोचलो तेव्हा ब्रेक लायनरचा जळका वास अजून हवेत होता. रस्त्यावर टोमॅटोचा चिखल झाला होता, बॅटरीच्या उजेडात तो वेगळाच लाल दिसत होता. मामा उलट्या क्रेटवर बसले होते, मनगटाला टॉवेल बांधलेला. मी विचारलं, "मामा, झालं काय?" बराच वेळ ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "गिअर काढला होता रे. उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली की दीड-दोन लिटर वाचतं."

ज्या माणसाने मला घाटात दुसऱ्या गिअरशिवाय उतरायचं नाही हे शिकवलं, त्याने भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. इंजिनाचा आधार नाही, सगळा भार ब्रेकवर. लायनर तापले आणि ब्रेक लागेनात. दरीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी जाणूनबुजून डोंगराला घातली. मनगट मोडलं, जीव वाचला. सदतीस क्रेट गेले, त्याचे पैसे मी शेतकऱ्यांना त्या दिवशीच्या बाजारभावाने भरले. ते पैसे फिटले. पण दोन लिटरसाठी साठीतल्या माणसाला घाटात जीव टांगायला मी लावलं, हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. आणि हे फक्त माझ्याकडे घडत नव्हतं. वाशीच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हरांशी बोलत बसा, कुणी एक वेळचं जेवण सोडलेलं असतं, कुणी झोप न घेता परतीला निघालेलं असतं. भाववाढीचा पहिला फटका खातो तो स्टिअरिंगवरचा माणूस. त्याच ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटीचं तिकीट १७.१७ टक्क्यांनी वाढलेलं, म्हणजे घरून गाडीपर्यंत यायलाही त्याला जास्तच मोजावं लागत होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे पंपावर चिठ्ठी जाते. चिठ्ठीवर लिटर लिहायचे, रुपये नाहीत. भाव काहीही होवो, ड्रायव्हरला त्याचं ३६ लिटर मिळतं, आणि त्याच्या ट्रिपच्या पैशाला डिझेल शिवत नाही.

मग भाड्याचं बघितलं. वहीचं पहिलं पान काढलं. १०० क्रेटला ३६ लिटर, म्हणजे एका क्रेटमागे ३६० मिली डिझेल. डिझेल पाच रुपयांनी वाढलं तर क्रेटला १ रुपया ८० पैसे पडतात. मोठ्या पुठ्ठ्यावर तक्ता केला: डिझेल ९५ असेल तर भाडं ६२ रुपये, आणि पुढे दर पाच रुपयांना १ रुपया ८० पैसे वर किंवा खाली. टायर, विमा, पगार यांचं मात्र वर्षातून एकदाच ठरेल, अक्षय तृतीयेला. तक्ता ऑफिसच्या दाराला लावला. धंद्यातले काहीजण नाराज झाले. एकाने तोंडावर सांगितलं, "तुम्ही बाजार बिघडवताय." त्याचंही खोटं नव्हतं, एकदा गणित उघड झालं की ते सगळ्यांनाच विचारलं जातं.

तक्त्याची परीक्षा लगेच आली. २१ मेच्या संध्याकाळी केंद्राने कर कमी केल्याचं जाहीर झालं, डिझेलवर सहा रुपये. जुलैत राज्याने आणखी तीन रुपये कमी केले. दोन्ही वेळा आम्ही त्याच आठवड्यात भाडं उतरवलं. ओतूरचे एक तात्या पट्टी घेऊन ऑफिसात आले. मला वाटलं तक्रार असेल. त्यांनी भाड्याच्या ओळीवर बोट ठेवलं, अगदी वडिलांसारखं, आणि म्हणाले, "चढलेलं भाडं उतरलेलं मी पहिल्यांदा बघतोय." त्यांचा माल आजही आमच्याच गाडीत असतो.

आता थोडं ग्राहकासाठी. मुंबईतले नातेवाईक विचारतात, डिझेल महागलं म्हणून टोमॅटो महागला का? आमच्या तक्त्याने बघितलं तर डिझेल दहा रुपयांनी वाढलं तरी नारायणगाव ते वाशी किलोमागे फक्त अठरा पैसे वाढतात. त्यामुळे कुणी भाड्याकडे बोट दाखवून किलोला दहा रुपये वाढवत असेल, तर ते दहा रुपये आमच्या गाडीत तयार झालेले नाहीत. पण डिझेल गाडीच्या आधी शेतात शिरतं. ट्रॅक्टरवाल्याने एकरी रोटाव्हेटरचा दर वाढवलेला असतो. फवारणीचा पंप पेट्रोलवर चालतो. ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर, प्लॅस्टिकचे क्रेट सगळं तेलातूनच येतं, खताची गोणी ट्रकने येते. वाशीहून दादरला, दादरहून गल्लीतल्या हातगाडीपर्यंत पुन्हा छोटे टेम्पो. आणि आमचीच गाडी परतीला कधी किराणा घेऊन येते: साखर, तेल, डाळी. तो किराणा घेणारा म्हणजे तोच शेतकरी, तोच ड्रायव्हर. माल विकताना भाडं त्याच्याच पट्टीतून कापलं जातं, आणि विकत घेताना ते दुकानदाराच्या भावात मिसळलेलं असतं.

सीएनजीचा प्रयोगही केला. जवळच्या फेऱ्यांसाठी सीएनजीवरचा छोटा हत्ती टेम्पो घेतला, कारण १ एप्रिल २०२२ पासून राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला होता. काही महिन्यांत गॅसनेच ऐंशी ओलांडली. वर पंपावरच्या रांगा. ती गाडी अजून आहे, पण तिच्यावर फार विसंबून नाही.

एका गोष्टीला तक्त्यात उत्तर सापडलं नाही. भाडं वजनावर असतं, मालाच्या भावावर नाही. जुलै २०२३ मध्ये नारायणगावात टोमॅटोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला, तेव्हा साठ रुपये भाड्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण क्रेट ऐंशीला आला की तेच साठ रुपये शेतकऱ्याला बुडवतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांद्याचे सगळी वजावट जाऊन २ रुपये ४९ पैसे राहिले आणि हातात २ रुपयांचा चेक पडला. ती बातमी मी ड्रायव्हरांसमोर वाचली. भाड्याचं काम करणाऱ्याने ती वाचायलाच हवी होती.

तेव्हापासून क्रेट शंभरच्या खाली गेला की आम्ही फक्त डिझेल आणि ड्रायव्हरचे पैसे घेतो, क्रेटला ४५ च्या आसपास. गाडीचा हप्ता, टायर, आमची कमाई सोडून देतो. मागच्या हंगामात अशा एकवीस ट्रिपा झाल्या. त्यांची वही वेगळी आहे. किती हंगाम हे झेपेल ते दरवर्षी बघावं लागतं. एका वर्षी एक हप्ता थकलाही होता.

मामांचं मनगट जुळलं, पण स्टिअरिंग त्यांनी सोडलं. आता ते संध्याकाळी ऑफिसात बसून पंपाच्या चिठ्ठ्या लिहितात. नवा पोरगा पहिल्यांदा घाटात निघाला की चिठ्ठी लिहून झाल्यावरही ते हातातच धरून ठेवतात. विचारतात, "उतारावर कुठला गिअर?" पोरगा म्हणतो, "दुसरा, मामा." मग चिठ्ठी देतात.