काकांच्या फाईलमधल्या २१२ चाव्या

मे महिन्याची १९ तारीख होती. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला अजून आठवडा होता, तरी सकाळी साडेनऊलाच धरमपेठेच्या रस्त्यावर उन्हाने डोळे उघडवत नव्हते. मी नागपुरातल्या लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करतो. त्या दिवशी माझ्या एका जुन्या ग्राहकाचा, एका ज्येष्ठ करसल्लागारांचा फोन आला. त्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. एरवी शांतपणे बोलणारे काका घाईघाईने म्हणाले, "मी न लिहिलेली पत्रे माझ्या मेलवरून लोकांना जात आहेत. तू आत्ताच्या आत्ता ये."

इतवारीतल्या भांड्यांच्या एका व्यापाऱ्याने सकाळी फोन करून विचारले होते की, फीसाठीचे खाते तुम्ही दुसऱ्या बँकेत कधी नेले. त्याने विचारले म्हणून त्याचे पैसे वाचले. दुसऱ्या एका क्लायंटने मात्र आदल्या संध्याकाळीच मेलमध्ये दिलेल्या खात्यात ३८ हजार रुपये भरले होते. मी वाटेतूनच त्या क्लायंटना १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायला सांगितले. पैसे ज्यांचे गेले त्यांनी व्यवहाराच्या क्रमांकासह तक्रार नोंदवली की ती संबंधित बँकांपर्यंत पोहोचते आणि रक्कम खात्यात शिल्लक असेल तेवढी अडवता येते. त्यांचे ११ हजार अडवले गेले. बाकीचे रात्रीतच पुढे गेले होते.

काकांनी मला फोन करण्यापूर्वीच मेलचा पासवर्ड बदलला होता आणि त्यामुळे चोर बाहेर गेला, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या संगणकात काही शिरले आहे की नाही हे ठरेपर्यंत मी तो वापरला नाही, स्वतःच्या लॅपटॉपवरूनच काम सुरू केले. मेलच्या सेटिंगमध्ये गेल्यावर दोन गोष्टी सापडल्या. येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत एका अनोळखी पत्त्यावर जात होती. शिवाय 'बँक' किंवा 'पेमेंट' हा शब्द असलेले उत्तर आले की ते परस्पर कचऱ्यात टाकणारा एक नियम तिथे लावून ठेवलेला होता. तीन क्लायंटांनी "हे खरे आहे का?" असे लिहून विचारले होते, पण ती उत्तरे काकांच्या नजरेला कधी पडलीच नाहीत. पासवर्ड बदलल्याने असे नियम पुसले जात नाहीत आणि बहुतेक लोक नेमके तिथेच थांबतात. मी दोन्ही काढले, सगळ्या उपकरणांवरून खाते लॉग आउट केले, पासवर्ड पुन्हा बदलला आणि दर ३० सेकंदांनी नवा संकेत देणारे ॲप काकांच्या फोनवर बसवले. फोन हरवला तर लागणारे १० राखीव संकेत छापून लोखंडी कपाटात ठेवायला दिले.

आधीचा पासवर्ड म्हणजे नातीचे नाव आणि तिचे जन्मसाल. सायबर सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ साली सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या सेवेवर काकांचा मेलपत्ता तपासला, तर खरेदीच्या एका जुन्या संकेतस्थळावरून फुटलेल्या यादीत तो निघाला. काकांना ते संकेतस्थळ आठवतही नव्हते. पासवर्ड मात्र त्यांनी तिथेही हाच दिला होता. फुटलेल्या यादीतली पत्ता आणि पासवर्ड यांची जोडी यंत्राकरवी इतर शेकडो ठिकाणी लावून पाहिली जाते. त्यासाठी कोणी काकांना ओळखण्याची गरज नव्हती.

इथपर्यंतचे काम माझ्या सवयीचे होते. त्यानंतर कार्यालयातल्या ताईंनी जे सांगितले, त्याने माझ्या पोटात खड्डा पडला. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करता यावे म्हणून त्यांनी क्लायंटांची एक्सेल फाईल याच मेलवरून स्वतःला पाठवली होती आणि ती पाठवलेल्या पत्रांत तशीच पडून होती. तिच्यात २१२ नावे होती. प्रत्येकापुढे पॅन, आयकर संकेतस्थळाचा पासवर्ड आणि ६४ जणांपुढे जीएसटीचाही. शिवाय बऱ्याच खात्यांवर नोंदवलेला मेलपत्ता क्लायंटचा नसून काकांचाच होता, म्हणजे त्या खात्यांचे संदेश त्याच पेटीत येत होते जिचा दरवाजा गेले काही दिवस उघडा होता. करसल्लागारांच्या कार्यालयांत ही पद्धत मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की काकांना दोष देण्याचे धैर्य मला झाले नाही. लोक विश्वासाने पासवर्ड देतात आणि तो विश्वास एका साध्या फाईलमध्ये जाऊन बसतो.

फाईल चोराने उघडली असेच धरून चालायचे, असे मी सांगितले. ताई म्हणाल्या, "उद्या वीस तारीख आहे. जीएसटीचे थ्री-बी विवरणपत्र भरायचे राहिले तर लोकांना व्याज आणि विलंब शुल्क पडेल." त्यांचे म्हणणे खरे होते. तरी जीएसटीचे खाते हातात आले तर व्यापाऱ्याच्या नावावर खोटी बिले काढता येतात आणि त्याचा जाब त्या व्यापाऱ्यालाच द्यावा लागतो, म्हणून आधी ते ६४ पासवर्ड आणि मगच विवरणपत्रे, असा क्रम काकांनी ठरवला.

नवे पासवर्ड ठेवायचे कुठे, हा प्रश्न त्याआधी सोडवणे भाग होते. अनेक जण काम करतात अशा ठिकाणी मी पासवर्डांची सामायिक तिजोरी इंटरनेटवर ठेवणारे बिटवॉर्डन सुचवतो. पण आपल्या कार्यालयाबाहेर काहीही ठेवायला त्या दिवशी काका तयार नव्हते आणि त्यांची ती भावना मला समजत होती. म्हणून तपासून झालेल्या संगणकावर कीपासएक्ससी बसवले. ते मोफत आहे आणि सगळे पासवर्ड एकाच कूटबद्ध फाईलमध्ये ठेवते. त्या फाईलचा मुख्य पासवर्ड काकांनी मनाने ठरवू नये, यावर मी अडून बसलो, कारण मन पुन्हा नातीकडेच जाते. रोमन लिपीत लिहिलेल्या १२९६ साध्या मराठी शब्दांची माझी एक यादी आहे. चार वेळा फासा टाकला की एक शब्द मिळतो. शेजारच्या घरातून लुडोचा फासा आणला. काकांनी टेबलावर २८ वेळा फासा टाकला, ताईंनी आकडे लिहिले आणि एकमेकांशी काही संबंध नसलेले सात शब्द तयार झाले. अशा सात शब्दांचे पर्याय सहावर २१ शून्ये इतके होतात. तो कागद पाकिटात घालून कपाटात गेला. पासवर्ड कागदावर लिहूच नये, असे मी मानत नाही. कुलपात ठेवलेल्या कागदापर्यंत दूरदेशीचा चोर पोहोचू शकत नाही.

दुपारी दोनला काम सुरू झाले. जुन्या पासवर्डने आत जायचे, नोंदवलेला मोबाईल आणि परताव्याचे बँक खाते बदललेले नाही ना ते पाहायचे, प्रोग्रॅमने तयार केलेला १४ अक्षरांचा नवा पासवर्ड लावायचा, की पुढचे नाव. तीन खुर्च्यांवर तीन माणसे होती आणि मागे कूलरचा आवाज. रात्री आठपर्यंत २०१ जणांची खाती झाली आणि एकातही बँक खाते बदललेले आढळले नाही. उरलेल्या ११ जणांच्या खात्यांत फाईलमधला पासवर्ड चालेना. तो क्लायंटने कधीतरी बदलला होता, की परवा कोणी बदलला, हे बाहेरून ओळखण्याचा मार्ग नव्हता. त्यासाठी क्लायंटच्या मोबाईलवर येणारा ओटीपी लागणार होता.

ताईंनी पहिला नंबर लावला आणि मी त्यांना थांबवले. "तुमच्या खात्याला धोका आहे, आलेला ओटीपी सांगा," हेच वाक्य आम्ही बोलणार होतो आणि चोरही हेच बोलतो. आज लोकांनी आम्हाला ओटीपी सांगितला असता, तर उद्या काकांचे नाव घेऊन फोन करणाऱ्यालाही त्यांनी सांगितला असता. काकांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि फोन स्वतःकडे घेतला. त्यांनी दहा जणांना, आधार कार्ड आणि मोबाईल घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः कार्यालयात यायला सांगितले.

अकराव्या क्लायंट म्हणजे महाल भागातल्या एक काकू होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणाऱ्या. काकांनी फोनवर काही मागितले नव्हते, नुसता प्रकार सांगितला, तरी त्या म्हणाल्या, "आवाज तुमचा वाटतो भाऊ, पण फोनवर कोणी काही म्हटले तर ठेवून द्यायचा, असे तुम्हीच सांगितले होते," आणि त्यांनी खरोखरच फोन ठेवला. काकांच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा समाधान दिसले.

नऊ वाजता आम्ही दोघे माझ्या स्कूटरवरून महालात गेलो. काकूंनी दारातल्या जाळीतून काकांना नीट न्याहाळले, मग कडी काढली. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. ओटीपी आल्यावर त्यांनी मोबाईल आमच्यापासून थोडा वळवून धरला, चष्मा पुसला आणि एकेक आकडा वाचत सहाही आकडे स्वतःच्या बोटाने दाबले.