तुम्ही विचारलंत म्हणून: कर्नलच्या कॉन्फिगची प्रत्येक ओळ मी हातानं का बघते

प्रश्न दरवर्षी येतो. नवीन रुजू झालेली मुलं विचारतात, प्रोजेक्ट मॅनेजर विचारतात, मागच्या महिन्यात एका ग्राहकाच्या इंजिनिअरनंही विचारलं. "मॅडम, बोर्डाबरोबर तयार डेफकॉन्फिग येतं. ते घ्यायचं, मेक मारायचं, झालं. तुम्ही दर नव्या कर्नलला दोन-दोन दिवस मेनूकॉन्फिग उघडून काय बघत बसता?"

नवख्यांसाठी: कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, हार्डवेअर आणि प्रोग्राम यांना जोडणारा. त्यात काय घ्यायचं, काय नाही याच्या उत्तरांची फाइल म्हणजे कॉन्फिग. डेफकॉन्फिग ही तिची तयार प्रत, मेनूकॉन्फिग ती बदलायचं अवजार, आणि मेक मारलं की कर्नल बांधला जातो.

आजवर मी "सवय आहे" असं म्हणून वेळ मारून नेली. ते खरं उत्तर नाही. एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल.

लिनक्स, क्रॉस-कंपाइलर, डिव्हाइस ट्री हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात जात नाही. एवढंच सांगते की तुमच्यातल्या बहुतेकांची कर्नलशी पहिली ओळख पीसीवर झाली, आणि तिथली सवय आर्मवर, म्हणजे मोबाइल आणि छोट्या यंत्रांतल्या प्रोसेसरवर, तशीच चालत नाही. पीसीवर एकच कर्नल हजार मशीनवर चालतो, कारण समोर काय हार्डवेअर आहे हे विचारायची सोय तिथे आहे. ३२ बिट आर्मवर अनेक वर्षं प्रत्येक चिपचा, प्रत्येक बोर्डाचा वेगळा कर्नल असायचा. २०११ च्या मार्चमध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर संताप व्यक्त केला. त्यानंतर साफसफाईला जोर आला, आणि २०१२ च्या डिसेंबरात आलेल्या लिनक्स ३.७ पासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या आर्म चिपांसाठी एकच कर्नल बांधता येऊ लागला. आज एकच तयार डेफकॉन्फिग अनेक बोर्डांना चालतं, ते त्या मेहनतीचं फळ आहे. मला त्याबद्दल आदर आहे. मी ते फेकून देत नाही, सुरुवात त्याच्यापासूनच करते.

पण डॉट-कॉन्फिग फाइल एकदा माझ्या नजरेनं बघा. तिच्यात "इज नॉट सेट" असं म्हणणाऱ्या शेकडो ओळी असतात आणि प्रत्येकीच्या आधी हॅशचं चिन्ह असतं. आपल्याला शिकवलेलं असतं की हॅश म्हणजे टिप्पणी, डोळे तिच्यावरून घसरले तरी चालतं. इथे ती टिप्पणी नाही. ती "नाही" असं दिलेलं उत्तर आहे, आणि कॉन्फिग वाचणारं अवजार ते उत्तर म्हणूनच वाचतं. उलट, त्याच फाइलमध्ये तुम्ही स्वतःची खरी टिप्पणी लिहिलीत, "हे का बंद केलं" म्हणून, तर पुढच्या वेळी फाइल नव्यानं लिहिली जाताना ती पुसली जाते. निर्णय राहतो आणि कारण जातं.

आता ते प्रकरण सांगते.

२०१२ साली मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होते. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी यंत्र बनवायचो. काट्यावरून वजन, तपासणी यंत्रावरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) घ्यायचं, दर लावायचा, शेतकऱ्याच्या हातात पावती द्यायची. आत आर्मचा कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसर होता. पहाटे पाचला केंद्र उघडतं, वीज जाते-येते, आणि वीज आली की यंत्र तयार पाहिजे, दारात रांग असते. म्हणून कर्नल हलका करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं. लागत नाहीत ते ड्रायव्हर काढले, फाइलसिस्टीम काढल्या, आणि प्रोसेसरच्या एराटांच्या यादीशी आले. एराटा म्हणजे चिप बाजारात आल्यावर सापडलेले तिचे दोष. चिप बदलता येत नाही, म्हणून कर्नल त्यांना वळसा घालतो, आणि बहुतेक वळशांचा एकेक पर्याय कॉन्फिगमध्ये असतो.

त्यातला एक ४३०९७३ क्रमांकाचा. मदतीचा मजकूर मी तेव्हा पूर्ण वाचला होता, हे मुद्दाम सांगते, कारण "वाचलं नसेल" असं लोकांना वाटतं. आर्म प्रोसेसर दोन तऱ्हांच्या सूचना वाचतो, साध्या आर्म आणि आटोपशीर थंब. कुठल्या तऱ्हेनं वाचायचं हे एक बिट ठरवतो. एका तऱ्हेतून दुसरीत नेणाऱ्या उड्या प्रोसेसर लक्षात ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी आधीच अंदाज बांधता येतो. कॉर्टेक्स-ए८ च्या पहिल्या पिढीत, आर१ मध्ये, दोष असा की त्याच पत्त्यावर आता दुसराच कोड आला असेल तर तो शिळा अंदाज सुधारला जात नाही आणि नवा कोड चुकीच्या तऱ्हेनं वाचला जातो. उपाय म्हणून कर्नलनं दर कॉन्टेक्स्ट स्विचला, म्हणजे एका प्रोग्रामवरून दुसऱ्यावर जाताना, ते सगळे अंदाज पुसायचे. त्याला वेळ लागतो.

आमचं यूजरलँड, म्हणजे कर्नलवर चालणारे सगळे प्रोग्राम आणि लायब्ररी, तेव्हा डेबियन या लिनक्स वितरणाच्या जुन्या आर्मेल प्रकारातलं होतं. सगळा कोड साध्या आर्म सूचनांचा. थंब नाही, तर तऱ्हा बदलणारी उडी नाही, उडी नाही तर दोष नाही. मी पर्याय बंद केला आणि गिटमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहिलं: "यूजरलँडमध्ये थंब कोड नाही, म्हणून बंद."

त्या दिवशी हा निर्णय बरोबर होता. आजही मी तो चूक म्हणणार नाही.

२०१३ च्या मे महिन्यात डेबियनची व्हीझी ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर आर्मएचएफ हा नवा प्रकार. दिवाळीनंतर आम्ही यंत्रं त्यावर नेली. आर्मएचएफमधला कोड मुळातच थंब-२ मध्ये बांधलेला असतो, हे मला माहीत होतं. कर्नल मात्र तोच ठेवला, कारण तो नीट चालत होता.

तीन-चार आठवड्यांत सांगली जिल्ह्यातून फोन सुरू झाले. पावती छापणारा प्रोग्राम मध्येच पडायचा. कधी "इल्लीगल इन्स्ट्रक्शन", कधी "सेगमेंटेशन फॉल्ट". दिवसातून एकदा, कधी तीन दिवसांतून एकदा. चौदा केंद्रांवर व्हायचं, बाकीच्यांवर नाही. ऑफिसातल्या टेबलावर आठवडाभर चालवलं तरी काही नाही. एका संस्थेचे सचिव मला फोनवर म्हणाले, "बाई, तुमचं यंत्र पडलं की मी वहीत लिहितो. पण माणसं म्हणतात, वहीतला फॅट तुम्ही मनानं लिहिता. मी या गावात राहतो." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. म्हणून जास्त लागलं.

प्रोग्राम लिहिला होता आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलानं. इस्लामपूरकडचा, पहिलीच नोकरी. मी त्याला सांगितलं, पॉइंटर तपास. त्यानं तपासले. व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या अवजाराखाली तीन दिवस चालवून मला अहवाल दाखवला, एकही चूक नाही. मी म्हणाले, व्हॅलग्राइंडला सगळं सापडत नाही. एकदा तो म्हणाला, "मॅडम, माझ्या कोडमध्ये नाही हो. काल विट्याच्या यंत्रावर क्रॉनपण पडला." मी म्हणाले, तुझा प्रोग्राम मेमरी खराब करत असणार.

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. एक प्रोसेस दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीला हात लावू शकत नाही, हे मी कॉलेजच्या मुलांना शिकवायला जायचे. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा लिनक्समधलाच प्रोग्राम. तो पडतो याचा अर्थ दोष त्या मुलाच्या प्रोग्रामच्या खाली कुठेतरी आहे, आणि खालचा सगळा भाग माझा होता. त्या वेळी मला ते दिसलं नाही असं म्हणू, की मी बघायचं टाळलं? मी दोन्ही उत्तरं स्वतःला देऊन पाहिली आहेत. जानेवारीत एका मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी म्हणाले की सी लिहिताना शिस्त लागते आणि ती अजून आलेली नाही. तो काही बोलला नाही. फेब्रुवारीत त्यानं राजीनामा दिला.

एप्रिलमध्ये एका केंद्रावरचं यंत्र मी स्वतः उचलून आणलं, कोअर डंप (प्रोग्राम पडतानाच्या मेमरीची नक्कल) घेतला आणि रजिस्टरं बघितली. प्रोसेसर जिथे थांबला होता तो पत्ता सी लायब्ररीतला होता. तिथली सूचना अगदी बरोबर होती, पण थंबमधली. आणि तऱ्हा ठरवणारा तो बिट, टी-बिट, शून्य होता. प्रोसेसर थंबमधला कोड आर्म समजून वाचत होता. मराठी पान हातात घेऊन इंग्रजी समजून वाचावं तसं.

मग प्रॉक-सीपीयूइन्फो, म्हणजे कर्नल प्रोसेसरची माहिती देतो ती फाइल, बघितली. उचलून आणलेल्या यंत्रावर व्हेरिएंट १, रिव्हिजन ३, म्हणजे आर१पी३, दोष असलेल्या पिढीतला. टेबलावरच्या बोर्डावर व्हेरिएंट ३, रिव्हिजन २, म्हणजे आर३पी२. मधल्या काळात आमचे बोर्ड बदलले होते, नवे टेबलावर होते आणि जुने गावांत. चौदा केंद्रं जुन्या बोर्डांची निघाली. त्या मुलाचाच प्रोग्राम सर्वांत जास्त का पडायचा, तेही कळलं. आमच्या मेकफाइलमध्ये फक्त आर्म सूचना वापरायला सांगणारा जुना फ्लॅग राहिला होता, त्यामुळे त्याचा प्रोग्राम आर्ममध्ये आणि तो वापरत असलेल्या लायब्ररी थंबमध्ये. दर कॉलला तऱ्हा बदलायची.

चालू कर्नलचं कॉन्फिग प्रॉकमधून काढलं. हॅश, आर्म एराटा ४३०९७३, इज नॉट सेट.

पर्याय चालू करून बांधलेला कर्नल त्या यंत्रावर महिनाभर चालला. एकदाही पडला नाही.

मी त्या मुलाला फोन केला. जे होतं ते सांगितलं, मीटिंगमधलं वाक्य परत घेते असंही म्हणाले. त्यानं ऐकून घेतलं. "ठीक आहे मॅडम. बरं झालं सापडलं." परत ये म्हणाले, तर म्हणाला, आता दुसरीकडे लागलोय. त्या जुन्या मीटिंगला जे हजर होते त्यांनाही मी सांगितलं, पण तोवर त्यातले दोघं कंपनी सोडून गेले होते.

इथे तुमच्यातला एखादा म्हणेल, म्हणजे कारण लिहून ठेवायला हवं होतं. मी लिहिलं होतं. गिटमध्ये अजून आहे, शब्दन् शब्द खरं. यूजरलँड बदलताना ते उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही, आणि ते लिहिणारी मीच होते. तेव्हापासून मी यादी वाचते. "हे काय आहे" हे मला बहुतेक वेळा माहीत असतं. ज्या कारणानं ते बंद केलं ते कारण आज जिवंत आहे का, एवढ्यासाठी वाचते. कर्नल पुढच्या आवृत्तीवर नेताना ओल्डडेफकॉन्फिग मारलं की नव्या सगळ्या प्रश्नांना ठरलेली उत्तरं दिली जातात, तुम्हाला विचारलंही जात नाही. मी ओल्डकॉन्फिग मारते आणि एकेक प्रश्न वाचून उत्तर देते. दोन दिवस त्यात जातात.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. ६४ बिट आर्मवर एराटांचे बहुतेक पर्याय मुळातच चालू असतात आणि कर्नल सुरू होताना कुठला प्रोसेसर आहे ते बघून लागतील तेवढेच वळसे घालतो. बरोबर. माझं प्रकरण तिथे घडलं नसतं. आणि मी तयार डेफकॉन्फिगला हात लावला नसता तर बहुधा इथेही घडलं नसतं. पर्याय बंद करणारा हात माझाच होता. ही गोष्ट माझ्या बाजूनं जाते की तुमच्या, हे मला खात्रीनं सांगता येत नाही.

आणखी एक तुमच्या बाजूचं सांगते, कारण लपवलं तर या लिहिण्याला अर्थ नाही. काही वर्षांनी, दुसऱ्या कंपनीत, सगळं हातानं वाचत असतानाच, मी हायमेम, म्हणजे जास्तीची रॅम वापरू देणारा पर्याय, बंद केलं. बोर्डावर ५१२ एमबी रॅम होती, गरज नव्हती. पुढे १ जीबीचे बोर्ड आले. ३२ बिट आर्मवर नेहमीच्या विभागणीत हायमेमशिवाय साधारण ७६० एमबीच वापरता येतात. बाकीची रॅम चार महिने नुसती पडून होती. बूटच्या संदेशांत कर्नल रोज सांगत होता की रॅम कापतोय, हायमेमवाला कर्नल वापरा. मी कॉन्फिग वाचत होते, पण ते संदेश वाचत नव्हते.

तरीही मी थांबणार नाही. एका मुलाची पहिली नोकरी माझ्या एका ओळीपायी गेली. दोन दिवस जास्त आहेत असं कुणी म्हटलं की मला सांगलीहून फोन येत होते ते महिने आठवतात, आणि सचिवांचं "मी या गावात राहतो".

सध्याच्या कंपनीतही कॉर्टेक्स-ए८ चे काही बोर्ड आहेत, सगळे आर३पी२. गेल्या महिन्यात टीममधल्या एका मुलीनं प्रस्ताव पाठवला: आपल्याकडे आर१ चा एकही बोर्ड नाही, पूर्वी कधी नव्हता, पुढे येणार नाही, तर ४३०९७३ ची ओळ कॉन्फिगमधून काढू. तिनं प्रत्येक बोर्डाचा व्हेरिएंट आणि रिव्हिजन तपासून तक्ता जोडला आहे. तक्ता मी दोनदा पडताळला. ती बरोबर आहे. प्रस्ताव तीन आठवडे माझ्याकडे पडून आहे.

मी अजून मंजूर केलेला नाही.