फेरीच्या रांगेत तापणारी गाडी

मेच्या सुरुवातीला आईला घेऊन बेळगावला मावशीकडे निघालो होतो, डिकीत मानकुराद आंब्यांची पेटी, केरीहून चोर्ला घाट चढायला लागलो, अंजुण्याचं धरण खाली दिसायला लागलं आणि सहज इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे बघितलं तर तो अर्ध्याच्या वर गेलेला. दोन वळणांत लाल रेघेला टेकला. एसी बंद केला, हीटर फुल केला, कारण हीटर म्हणजे पण एक छोटा रेडिएटरच (इंजिनचं गरम पाणी थंड करणारी जाळी) असतो, इंजिनची थोडी उष्णता तो आत ओढतो. आईला घामाच्या धारा लागल्या पण काटा थांबला, आणि जागा मिळाल्याबरोबर गाडी कडेला घेतली.

एक जण मदतीला थांबले, पाण्याची बाटली घेऊन, "रेडिएटरचं झाकण उघडा, पाणी ओता." मी हात जोडून नको म्हटलं. आत पाणी शंभरच्या वर तापलेलं असतं, दाबामुळे फक्त उकळत नाही, झाकण फिरवलं की तो दाब सुटतो आणि उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. आणि इतक्या तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं तर हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकू शकतं, तडकूही शकतं. पाऊण तास थांबलो आणि हळूहळू परत डिचोलीला आलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकला. "आपल्याकडे एवढी गर्मी, याची गरजच नाही." हे ठिकठिकाणी करतात आणि मला हे अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तोवर पाणी इंजिनातच फिरवतो म्हणून इंजिन लवकर योग्य तापमानाला येतं. तो काढला की इंजिन थंडच चालत राहतं, पेट्रोल जास्त पितं, आतली झीज वाढते. आणि माझी गाडी तापायची ती तापलीच! काढलेला थर्मोस्टॅट मी मागून घेतला होता, घरी जुन्या टोपात पाण्यात टाकून गॅसवर ठेवला, पाणी उकळायच्या आधीच तो व्यवस्थित उघडला. म्हणजे चांगला पार्ट काढला होता. परत गेलो तर म्हणाले, आता हेड उतरवावं लागेल.

तिथे मी थांबलो. हेडगॅस्केट (हेडखालचं सील) गेलं असतं तर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, बुडबुडे आले असते, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला असता, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहिला असता. यातलं काही नसलं म्हणजे शंभर टक्के सुटलो असं नाही, पण हेड उतरवायची घाई तरी करायची नाही.

मग गाडी नेमकी कधी तापते ते लिहायला लागलो. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) लावला, मोबाईलवर इंजिनच्या तापमानाचा आकडा दिसतो. हायवेला ८०च्या स्पीडला ९१-९२, एकदम शांत. चोडणच्या धक्क्यावर फेरीच्या रांगेत एसी लावून उभा राहिलो की ९८, १०२, १०८. सगळं उत्तर इथेच होतं खरं तर. पळताना थंड म्हणजे पाणी फिरतंय, पंप ठीक आहे. उभ्या गाडीत आणि घाटात सेकंड गिअरवर तापते म्हणजे हवा कमी पडतेय. पण फॅन तर फिरत होता, आवाज पण येत होता, म्हणून सगळ्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं होतं.

ओळखीच्या दुसऱ्या मेकॅनिकनं वहीचा कागद समोरच्या जाळीला लावला, एसी चालू. कागद ओढून धरायला हवा, तो सरळ खाली पडला. "भाई, फॅन फिरता पण हवा खेचना." बंपर काढला, रेडिएटर वरून सोडून जरा मागे कलंडवला (एसीचा गॅस काढावा लागला नाही) आणि एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बघितलं. लाल मातीचा थर, त्यात सावरीचा कापूस आणि पाचोळा, गोधडीसारखं घट्ट बसलेलं! आमच्या भागात खाणींच्या ट्रकांची लाल धूळ वर्षानुवर्षं उडालेली, पावसात तिचा चिखल होतो, उन्हात वाळतो. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ, म्हणून कोणाला दिसलंच नाही.

साध्या पाइपनं, इंजिनच्या बाजूनं समोर असं पाणी मारलं. प्रेशर वॉशर नको, पातळ पत्र्या दुमडतात आणि मग वाटच बंद. पहिल्या पावसात गटारातून जातं तसं लाल पाणी अर्धा तास वाहत होतं.

रेडिएटरचं झाकण पण बदललं, रबर कडक झालं होतं. झाकणावरचा आकडा बघून तोच घ्यायचा, माझ्यावर १.१ आहे, कारण त्या दाबावरच पाणी किती डिग्रीला उकळणार हे ठरतं. आधी कोणीतरी नळाचं पाणी भरलेलं, ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं भरलं, थर्मोस्टॅट परत बसवला, थंड गाडी झाकण उघडं ठेवून चालू करून वरचा पाइप दाबत दाबत आतली हवा काढली. हवा अडकून राहिली तर नवं सगळं घालूनही गाडी तापते, इथे घाई करू नका.

सोमवारी फेरीच्या रांगेत एसी लावून वीस मिनिटं मुद्दाम उभा राहिलो. ९४, ९७, फॅन लागला, ९३. परत ९७, परत ९३. किती बरं वाटलं सांगू.

रविवारी परत बेळगावला निघालो. घाटाच्या माथ्यावर ९९ होता, एसी चालू होता. आई निम्म्या घाटातच झोपली होती, आणि यावेळी मानकुराद मावशीकडे पोचले.