पाद्री सोलेर आणि माझं ट्रान्सपोजचं बटण

२० डिसेंबर, रात्री साडेअकरा

सराव संपवून आत्ता घरी आलो. वसईत थंडी आहे म्हणायला हरकत नाही, स्कूटरवर कान गार पडले. नाताळ पाच दिवसांवर आलाय आणि आमच्या कॉयरचं तिसरं गाणं अजून डुगडुगतंय.

आज चूक माझीच झाली. गाणं पांढरी दोनमध्ये, म्हणजे कीबोर्डची दुसरी पांढरी पट्टी 'सा' धरून, बसवलंय, पण दुसऱ्या कडव्यात बायकांचा आवाज वर पोचेना. चेहरे लाल व्हायला लागले, म्हणून मी दोन कडव्यांच्या मध्ये कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण दोनदा खाली दाबलं. बोटं होती तिथेच, सूर मात्र पांढरी एकवर उतरला. गिटारवाला पांढरी दोनमध्येच राहिला, बायका दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लोंबकळल्या, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "काका, लिफ्ट एकदम खाली आली ना!" सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. कारण ही लिफ्ट कशी आणू नये यावर एका माणसाने १७६२ साली अख्खं पुस्तक लिहिलंय, आणि तो माणूस २० डिसेंबरलाच वारला. १७८३ चा २० डिसेंबर.

पाद्री आंतोनियो सोलेर. जगभर त्याला 'पाद्रे सोलेर'च म्हणतात. आपला पाद्री शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्यांचा स्पॅनिश, पण एकच. त्यामुळे मला तो उगाच घरचा वाटतो.

बँकेतून रिटायर झाल्यावर मी त्याच्या मागे लागलो. आधी त्याचा फक्त एक सोनाटा, म्हणजे एकट्याने कीबोर्डवर वाजवायची एक रचना, ऐकला होता. वाटलं, कोणीतरी गिटारवाला हार्पसिकॉर्डवर बसलाय. हार्पसिकॉर्डमध्ये तार हातोडीने ठोकत नाहीत, पिसाच्या टोकाने छेडतात, म्हणून तो खणखणाट. मग कळलं, हे वाजवणारा-लिहिणारा जेरोमपंथी मठवासी होता, एस्कोरियलच्या मठातला. विश्वास बसेना. एस्कोरियलचे फोटो पाहिले तर अजूनच बसेना.

माद्रिदच्या वायव्येला, ग्वादारामा डोंगरांच्या पायथ्याशी, हजार मीटरवर ती करड्या ग्रॅनाइटची अजस्र वास्तू उभी आहे. मठ, राजवाडा, चर्च, ग्रंथालय आणि राजांची थडगी, सगळं एकाच आवारात. ती संत लॉरेन्सच्या नावाची; त्याला जाळीवर भाजून मारलं, म्हणून इमारतीचा आराखडाही जाळीसारखा आहे असं सांगतात. दुसऱ्या फिलिपने ती १५६३ ते १५८४ मध्ये बांधून घेतली. शेवटची चार वर्षं हाच फिलिप आमच्या वसईचाही राजा होता, कारण १५८० ला पोर्तुगालचं सिंहासन त्याच्याकडे आलं आणि पुढची साठ वर्षं पोर्तुगालचा मुलूख स्पेनच्याच राजांकडे राहिला. किल्ल्यातल्या पडक्या चर्चमधून फिरताना हे कधी डोक्यात येत नाही. आणखी एक हिशेब मी वहीत करून ठेवलाय: चिमाजीअप्पांनी वसई घेतली १७३९ च्या मे महिन्यात. इथल्या चर्चच्या घंटा निघून देवळांत टांगल्या गेल्या, त्या वेळी सोलेर नऊ वर्षांचा होता आणि मोंसेरातच्या डोंगरावर गात होता.

त्याचा बाप्तिस्मा ३ डिसेंबर १७२९ चा, कातालोनियातल्या ओलोत गावचा. बाप पलटणीच्या बँडमध्ये वाजवायचा. पोराला सहाव्या वर्षी मोंसेरातच्या मठातल्या मुलांच्या गायनशाळेत घातलं. ती शाळा अजून चालू आहे, युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. तिथे तो ऑर्गन आणि रचना शिकला, मोठा झाल्यावर काही काळ लेइदाच्या कॅथेड्रलमध्ये संगीतप्रमुख होता. पुढचा प्रसंग मला फार आवडतो. त्याला उपदीक्षा, म्हणजे पाद्री होण्याआधीची दीक्षा, देणाऱ्या बिशपांनी सहज विचारलं, एस्कोरियलला ऑर्गन वाजवायला एखादा मुलगा पाहिजे, कोणी माहितीये का? हा म्हणाला, मीच जातो, मला झगा घालून जगापासून लांब व्हायचंय.

जगापासून लांब व्हायला त्याने जागा निवडली ती राजाच्या घरातली. दर शरद ऋतूत सगळा दरबार माद्रिदहून एस्कोरियलला मुक्कामाला यायचा. राजाबरोबर मंत्री, मंत्र्यांबरोबर नोकर, आणि त्यांच्यात दोमेनिको स्कार्लात्ती, पाचशेच्या वर सोनाटे लिहिणारा म्हातारा इटालियन, राणीचा संगीतगुरू. सोलेर त्याच्याकडे शिकला, होसे दे नेब्राकडेही शिकला. १७५२ ला झगा घातला, पुढच्या वर्षी व्रतं घेतली, १७५७ ला मठाचा संगीतप्रमुख झाला. स्कार्लात्ती त्याच वर्षी वारला. म्हणजे गुरू मिळाला तो जेमतेम पाच वर्षं, तेही दरबार येईल तेव्हा.

नंतर हा मरेपर्यंत तिथेच. झगा घातल्यापासून एकतीस वर्षं.

मठातल्या सोबत्यांनी त्याच्या मृत्यूनंतर नोंद केली आहे, तशी ते प्रत्येक मृत मठवासीयाची करत. त्यात म्हटलंय की तो खोलीबाहेर फारसा दिसायचा नाही, मध्यरात्री किंवा एक वाजता झोपायचा आणि चार-पाचला उठून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करायचा. मी हे वाचलं तेव्हा माझ्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यालाही झोप येत नव्हती." मला रिटायर झाल्यापासून झोप येत नाही, हा टोमणा होता.

पण विचार करा. जेरोमपंथीयांचं मुख्य काम म्हणजे सामूहिक प्रार्थना, दिवसाचे कितीतरी तास चर्चमधल्या गायकांच्या जागेत उभं राहून गायचं. त्यात याच्याकडे मुलांना शिकवणं, ऑर्गन, सणांच्या रचना. दर नाताळला नवे व्हिलान्सिको हवेत. व्हिलान्सिको म्हणजे लॅटिनऐवजी लोकांच्या स्पॅनिशमधली गाणी, नाताळच्या रात्रीच्या प्रार्थनेत गायची. त्यांत मेंढपाळ, आंधळे, विद्यार्थी, खलाशी असे सोंगं आणल्यासारखे येतात, थट्टा चालते, नाचाच्या चाली चालतात. आमच्या नाताळच्या नाटुकल्यात गोठ्यापुढे गावातली पोरं काय काय करतात ते आठवा. सोलेरने असे सव्वाशेच्या वर लिहिले. दर वर्षी तारीख ठरलेली, २४ डिसेंबर पुढे ढकलता येत नाही. हे दडपण मला कळतं. माझं तर दोन गाण्यांवर तोंड कोरडं पडलंय.

म्हणूनच त्याच्याबद्दल जे नेहमी लिहितात ते मला पटत नाही. लिहिणाऱ्यांना एक चित्र फार आवडतं: थंड दगडी मठात कोंडलेला बिचारा साधू, झग्याखाली नाच लपवतोय, रात्री चोरून फँडांगो, म्हणजे स्पॅनिश नाचाची चाल, वाजवतोय. कोणी कोंडलं त्याला? स्वतः होऊन गेला. आणि लपवायचं कोणापासून? नाचाची चाल त्याच्याकडून मागून घेत होते ते त्याचेच लोक. तिसऱ्या कार्लोसचा मुलगा, राजपुत्र गॅब्रिएल, त्याचा शिष्य होता. सोलेरने त्याच्यासाठी दोन ऑर्गनसाठीचे सहा कॉन्चेर्तो लिहिले, आणि वर स्वच्छ लिहिलं की हे राजपुत्राच्या करमणुकीसाठी. गुरू एका ऑर्गनवर, शिष्य दुसऱ्यावर. त्यात जाड्याजाड्या भक्तीचा मागमूस नाही, शेवटाला मिन्युएट हा दरबारी नाच येतो, एक ऑर्गन म्हणतो ते दुसरा जरा नटवून परत म्हणतो. आपल्याकडे सवाल-जवाबात रंगलेली जोडी बघताना जसं हसू फुटतं तसं मला त्यात फुटतं. तो कामाचा माणूस होता, आनंद हेही त्याचं काम होतं. पहाटे चारला उठून केलेलं.

फँडांगोवरून. सोलेरच्या नावावरचा फँडांगो सगळ्यात प्रसिद्ध आहे, आणि तो त्याचा आहे की नाही याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. मला काही वाटून घ्यायचं नाही. पण ऐकताना लहरा आठवतो. डावा हात दहा-बारा मिनिटं तोच लहान आवर्त फिरवतो, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी सहा, जसा तबलजीच्या सोलोला हार्मोनियमवाला लहरा धरून ठेवतो. आणि उजवा हात वर तुफान. गंमत म्हणजे शेवटी तो 'सा'वर येतच नाही, पंचमावर थांबतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं फाईल अर्धवट डाउनलोड झाली.

आता पुस्तकाकडे, ज्यामुळे हे सगळं आज लिहायला बसलो. त्याचं नाव 'यावे दे ला मोदुलासिओन', म्हणजे पट्टी बदलण्याची किल्ली. माद्रिदला १७६२ मध्ये होआकिन इबार्राच्या छापखान्यात छापलं. त्यात एका पट्टीतून दुसऱ्या कुठल्याही पट्टीत कानाला धक्का न लावता कसं जायचं ते आहे. हळू जायचं असेल तर कसं, घाईने जायचं असेल तर कसं. हे त्याला सुचलं कारण हे त्याला येत होतं: सोनाट्यांत तो असा काही वळतो की आपण कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत आलो ते दार लागल्यावर कळतं. त्या काळात बहुतेक लोक ज्या पट्टीच्या वाटेला जात नसत, त्या 'काळी तीन' पट्टीत त्याने अख्खा सोनाटा लिहिलाय.

पुस्तक निघाल्यावर वाद झाला. आंतोनियो रोएल देल रिओ नावाच्या एका संगीतकाराने आक्षेप छापले, याने उत्तर छापलं, पत्रापत्री वाढली. वाचून मला बरं वाटलं, साधू माणसालाही टीका झोंबते. पण ते फारसं महत्त्वाचं नाही.

मला जास्त गंमत वाटली ती दुसऱ्या एका पुस्तकाची. १७७१ मध्ये त्याने बार्सेलोनात छापून घेतलं ते नाण्यांवरचं! कातालोनियाची नाणी आणि कास्तीलची नाणी यांचा हिशेब कसा बसवायचा याबद्दल कोणीतरी निनावी पुस्तक काढलं होतं, ते चुकलंय हे दाखवायला याने आकडेमोड करून आख्खं पुस्तक लिहिलं. मी आयुष्यभर बँकेत व्हाउचर तपासले, मला हा माणूस तिथे लगेच ओळखू आला. दुसऱ्याच्या हिशेबात चूक दिसली की झोप लागत नाही ती जात. पट्टी बदलणं काय आणि नाणी बदलणं काय, मधला दर बरोबर धरला पाहिजे.

त्याने एक उपकरणही केलं होतं, स्वरांमधले बारीक अंतर दाखवायचं, पूर्ण स्वराचे नऊ तुकडे ऐकवायचं. ते राजपुत्र गॅब्रिएलला दिलं. हे वाचताना मला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आठवले, रिटायर डेप्युटी कलेक्टर, बावीस श्रुतींचा हिशेब मांडणारे, ज्यांच्या कामातून श्रुती-हार्मोनियम निघाला. हिशेबी माणसं शेवटी स्वरांच्या फटीत काय आहे ते मोजायला जातातच.

१७७२ च्या १४ फेब्रुवारीला एक इंग्रज उमराव, लॉर्ड फिट्झविल्यम, एस्कोरियलला आला. सोलेरने त्याला सत्तावीस सोनाटे दिले. तारीख माहीत आहे कारण फिट्झविल्यमने ती लिहून ठेवली. ते सोनाटे पुढे सोलेर गेल्यावर लंडनमध्ये छापले गेले. हस्तलिखितं आता केंब्रिजमध्ये आहेत, फिट्झविल्यमने मागे ठेवलेल्या संग्रहालयात. एस्कोरियलला पुढे जेरोमपंथी राहिलेच नाहीत, १८८५ पासून तिथे ऑगस्टिनियन पंथाचे मठवासी आहेत, आणि त्यांच्यातल्याच सामुएल रुबिओ नावाच्या फादरांनी विसाव्या शतकात सोलेरचे सोनाटे गोळा करून नंबर घालून छापले. म्हणून सोनाट्याच्या नावापुढे 'आर' आणि आकडा असतो. एका मठवासीयाची राहिलेली कामं दुसऱ्याने उरकली.

बारा वाजून गेले. बायको झोपली. हेडफोन लावून कीबोर्ड मांडीवर घेतला आणि ट्रान्सपोज शून्यावर आणलं.

पांढरी दोनहून पांढरी एकवर जायचंय. लिफ्ट नको, जिना पाहिजे. पांढरी दोनचा मध्यम म्हणजे पांढरी पाच. आणि पांढरी एकचा पंचमही पांढरी पाचच! एकच कॉर्ड, दोन्ही घरांत पाय. म्हणजे कडवं संपलं की त्या कॉर्डवर जाऊन थांबायचं, मग तिच्यात हळूच पांढरी चार मिसळायची. ती मिसळली की कान आपोआप पांढरी एककडे वळतो, त्याला मागे जावंसं वाटतच नाही. चार मात्रांचं काम. दहा वेळा वाजवलं. शेवटची दोन वेळा चांगलं झालं.

उद्या संध्याकाळी सातला सराव आहे. गिटारवाल्याला आधीच मेसेज टाकलाय, त्याने एवढ्या रात्रीही अंगठा पाठवला. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला काही सांगणार नाही. बघू तिला कळतंय का.