आमची वाटचाल : शिक्षा भोगून आलेल्या हातांना काम देताना

गोव्यातील डिचोली येथील आमचे वर्कशॉप खाणींच्या जोरावर उभे राहिले. खनिज वाहणाऱ्या टिपरची बॉडी दुरुस्त करणे, झिजलेले पत्रे बदलणे आणि फाळके नव्याने बसवणे एवढेच काम माझे पती करीत असत, आणि तेवढ्यावर चार-पाच घरे चालत होती. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली आणि रांगेत उभे असणारे टिपर मालकांच्या अंगणात गंजू लागले. मधल्या काळात खाणी थोड्याफार चालल्या. परंतु २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर त्या धंद्याच्या आशेवर राहण्यात अर्थ उरला नाही. तोपर्यंत आम्ही गेट, ग्रील आणि छपराच्या कामांकडे वळलो होतो; मात्र चांगले वेल्डर गोवा सोडून गेले होते.

अशा वेळी ओळखीच्या एका बाई मुलाला घेऊन आल्या. जमिनीच्या वादातून झालेल्या मारामारीत गंभीर दुखापत केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती. आग्वादच्या जुन्या तुरुंगात सुरू झालेली ती शिक्षा, २०१५ मध्ये कैद्यांना नव्या कारागृहात हलवल्यामुळे, कोलवाळला संपली होती. “वहिनी, आधी मी सगळे सांगतो, मग काम द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा,” असे म्हणून त्याने काहीही न लपवता सांगितले. वेल्डिंग तो तुरुंगात जाण्यापूर्वीच शिकला होता, आणि चाचणीसाठी दिलेला उभा जोड त्याने आमच्या जुन्या माणसांपेक्षा सफाईने मारला.

शिक्षा झालेल्या माणसाला कामावर घेणे बेकायदेशीर आहे, असे अनेक व्यावसायिकांना वाटते. आमच्यासारख्या खाजगी वर्कशॉपला तशी कोणतीही मनाई नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या किंवा कर्मचारी विम्याच्या नोंदणीतही हा प्रश्न आड येत नाही. अडचणी दुसरीकडे असतात. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली असेल, तर दोषी ठरल्यापासून पाच वर्षे पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो, आणि ज्या गोव्यात घरटी एखादा मुलगा परदेशी जाणाऱ्या बोटीवर नोकरीला जाण्याची स्वप्ने पाहतो तेथे हे दार बंद होणे म्हणजे काय, ते सांगायला नको. सरकारी नोकरीत खरी माहिती दिली तरी नेमणूक मिळेलच असे नाही, आणि माहिती दडवली तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. म्हणून लेखी विचारले असता कधीही खोटे लिहू नका, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

आम्हाला सर्वांत मोठा अडथळा आला तो गेट पासचा. एका कारखान्याच्या शेडचे काम मिळाले, पण प्रत्येक कामगाराची पोलीस पडताळणी हवी होती आणि आमच्या या मुलाला आत सोडण्यास नकार मिळाला. तेव्हापासून कटिंग आणि वेल्डिंग तो वर्कशॉपमध्ये करतो आणि जोडणीला इतर जण जातात. साइटवर जाणाऱ्याला भत्ता मिळतो, तो बुडाल्याने त्याची कमाई घटू लागली; म्हणून आम्ही वर्कशॉपमधील वेल्डिंगचा दर वाढवून दिला. ज्या बंधनात त्याची निवड नाही त्याची किंमत त्याने मोजावी, हे आम्हाला पटले नाही.

गिऱ्हाइकांना सांगावे का, यावर घरात बराच विचार झाला. कोणी विचारले तर खोटे बोलायचे नाही, पण आपण होऊन कोणाचा भूतकाळ जाहीर करायचा नाही, असे आम्ही ठरवले. घरात काम असेल तर कोणीही एकट्याने जायचे नाही, दोघांनी जायचे, हा नियम सर्वांना सारखाच लावला. केवळ त्याच्यासाठी केला असता तर तो रोजचा अपमान ठरला असता. एका गावातील कामांवर मात्र आम्ही त्याला पाठवत नाही, कारण जखमी झालेल्या माणसाचे कुटुंब तेथे राहते. त्यांनी त्याला क्षमा करावी अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार ना त्याला आहे, ना आम्हाला.

सुटून आलेल्या माणसाला महिनाअखेरीपर्यंत थांबणे परवडत नाही, हेही लवकरच कळले. वकिलाचे देणे असते आणि भाडेकरूच्या पोलीस पडताळणीच्या अर्जाचे नाव काढताच घरमालक खोली नाकारतात. सुरुवातीचे काही महिने आम्ही दर शनिवारी पगार देतो, तो बँकेच्या खात्यातच जमा करतो आणि पगाराची पावती देतो. खोली मिळवताना, पुढे दुचाकीचे कर्ज घेताना याच पावत्या त्याच्या उपयोगी पडल्या. चांगल्या शब्दांपेक्षा अशा कागदांनी माणसाला अधिक उभे केलेले मी पाहिले आहे.

वर्कशॉपमधील माणसांनी त्याला लगेच आपले मानले नाही. चहाच्या वेळी तो वेगळा बसायचा, आणि एक जुना कामगार तर काम सोडण्याची भाषा करीत होता. मी त्याला उपदेश केला नाही. नवीन हेल्परना उभे वेल्डिंग शिकवण्याचे काम या मुलाकडे सोपवले. शिकणारे शेजारी बसू लागले, तसे बाकीचेही बसू लागले. वाड्यावर मात्र अधिक वेळ लागला. चवथीत, म्हणजे गणेशोत्सवात, घुमट हे मातीचे वाद्य वाजवत घरोघर आरती म्हणणारी मंडळी कितीतरी वर्षे त्यांचे घर वगळून पुढे जात असे. अलीकडे ती त्यांच्या घरीही थांबते.

आज आमच्याकडे शिक्षा भोगून आलेले आणखी काही जण आहेत. सर्वांना घेणे आम्हाला शक्य नाही, आणि ग्राइंडर व गॅस कटरच्या कामात नशा करणाऱ्याला आम्ही ठेवत नाही, मग तो कोणीही असो. मृगाआधी छपरांच्या कामांची घाई असते, त्या वेळी दोन हेल्पर लागतात. त्या दोन जागांसाठी तुरुंगातून आलेल्या अर्जांचा विचार आम्ही आधी करतो, आणि वेतन पहिल्या दिवसापासून इतरांइतकेच देतो.