नेवाडातली तांब्याची रेल्वे: इलीला जाणार असाल तर

मुलांकडे अमेरिकेला गेलेले आपले मुंबईकर लास वेगास बघतात, ग्रँड कॅन्यन बघतात आणि परततात. रेल्वेचं वेड असेल तर एक मुक्काम वाढवा. वेगासहून उत्तरेला साधारण चार तासांवर इली गाव आहे, तिथली नेवाडा नॉर्दर्न रेल्वे, म्हणजे आता जुन्या खाण-रेल्वेचं चालतं संग्रहालय, बघा.

इथलं तांबं हलक्या प्रतीचं. टनभर दगड फोडावा तेव्हा काही किलो हाती लागणार, म्हणजे ढिगाने खणायचं आणि ढिगाने वाहायचं. रेल्वेशिवाय धंदाच नाही! म्हणून खाण-उद्योजक मार्क रेक्वाने १९०५ साली काम काढलं आणि १९०६च्या सप्टेंबरात मुख्य रेल्वेमार्गावरचं कोब्रे ते इली हा सुमारे २२५ किलोमीटरचा मार्ग वाळवंटातून पुरा केला. रूथच्या खाणीतला दगड मॅकगिलच्या भट्टीकडे जाई. प्रवासी गाड्या १९४१ साली थांबल्या, भट्टी १९८३ साली विझली. मालक केनेकॉट कंपनीने शेड, इंजिनं, कागदपत्रं मोडीत न काढता गावाच्या हवाली केली. एवढ्या आडबाजूला भंगारवाला तरी कोण फिरकणार, हा आपला माझा अंदाज.

सोबत परळ वर्कशॉपात हयात घालवलेले काका होते. १९१०चं बाल्डविन कंपनीचं वाफेचं इंजिन, नंबर ४०, त्यांनी शांतपणे पाहिलं. पण मशीन शॉपमध्ये शिरले ते बाहेर यायला तयार नाहीत. तिथल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाशी त्यांचं मोडक्या इंग्रजीत जे जमलं, ते आमचं वेगासमध्ये कुणाशी जमलं नव्हतं. "अरे, ही यंत्रं अजून कामाला लावतात!" हे त्यांनी मला चारदा सांगितलं. माझंही मत तेच: गाडीची फेरी दीडेक तासाची, छान आहे, पण खरा माल यार्डात आहे. अर्धा दिवस त्यालाच ठेवा.

तिकीट काढताना त्या दिवशी वाफेचं इंजिन आहे की डिझेल, ते आधी बघा. रात्री तारे दाखवायला नेणारी गाडी फार आधी भरते. गाव जवळपास १,९६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही रात्री स्वेटर लागतो. सॉल्ट लेक सिटीहून येत असाल तर घड्याळ एक तास मागे घ्या. वाटेत पेट्रोल पंप दिसेल तिथे टाकी भरा, मोबाइलला रेंज नसते. शाकाहारी असाल तर दशम्या आणि चटणी सोबत ठेवाच.